चौदा एकर पडीक

सायकल दिसली तेव्हाच सुहासिनीच्या मनात पाल चुकचुकली होती. जबलपूरच्या दीक्षितपुऱ्यातल्या घराच्या ओसरीला ती टेकून उभी होती. सेकंडहँडच, पण तेलपाणी करून चकचकीत केलेली, मुठींना नवं रबर चढवलेलं. सुहासिनी आणि शेतावरचा नथ्थू शहपुऱ्याकडून गव्हाची पोती घेऊन बैलगाडीनं आले ते महालक्ष्म्या बसायच्या दिवशी. चिखलाचे पाय धुता धुता तिनं सहज विचारलं, तर धाकटी जाऊ विनता कौतुकानं सांगू लागली.

“ह्यांचीच आहे वहिनी. लढाई लागल्यापासून फॅक्टरीत बारा-बारा तास राबून राहिले. पायी जाऊन येईपर्यंत माणूस गळून जाते. शेताचे पैसे आले ना, त्यातून घेतली.”

आणि लगेच तिनं जीभ चावली.

शेताचे पैसे, आणि भादव्यात? चैत्रात गहू विकला तेव्हाची रक्कम सुहासिनीनं स्वतः सासऱ्यांच्या हातावर ठेवली होती. भादव्यात त्या रानात गुडघाभर पाण्याशिवाय काही नसतं. पण सणाच्या घरात आल्या पावली वाद काढायचा नाही, एवढं ती अकरा वर्षांत शिकली होती. ती पाय पुसून आत गेली. विसरली मात्र नाही; विसरणाऱ्यांतली ती नव्हतीच.

तिचा नवरा नीलकंठ तापानं गेला त्याला अकरा वर्षं झाली. थोरला मुलगा गेल्यावर शेत विकावं असं सासऱ्यांचं, अण्णांचं म्हणणं होतं आणि सुहासिनीनं ते ऐकलं नव्हतं. ती शेतावर जाऊन राहिली, बांध घातले, गहू पिकवला. महालक्ष्म्यांना मात्र न चुकता दीक्षितपुऱ्यात यायची. दोन्ही देव्यांची धडं असलेल्या पत्र्याच्या कोठ्या परसात धुऊन वाळवायच्या, त्यांच्या बुडाशी बाजूला असलेल्या तोंडात चिंधीचा बोळा घट्ट बसवायचा, गहू निवडायचा, एवढं तिचं काम. कोठी एकदा बैठकीत गेली की हात लागायचा तो विनताचा. कोठीत गहू भरणं, वर मुखवटा बसवणं, साडी नेसवणं हे सवाष्णीनं करायचं, आणि विधवेनं माजघराच्या दारात उभं राहून आरती ऐकायची. तिला याची सवय झाली होती. आवडत होतं असं मात्र कोणी समजू नये.

दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या दिवशी, ती चुलीपाशी पुरण वाटत होती. तेवढ्यात धाकटा दीर चंद्रशेखर एक कागद घेऊन आला. इस्त्रीचं धोतर, कपाळाला गंध, आणि चेहऱ्यावर काहीतरी सोपं काम सांगायला आल्याचा भाव.

“वहिनी, इथं एक सही करा बरं. जमीन अण्णांच्या नावावर, पण कसणारी तुम्ही. कसणाऱ्याची सही पाहिजे म्हणते सरकार.”

“कशावर सही, भाऊजी?”

“अनुदान आहे जी. लढाईत धान्य कमी पडून राहिलं ना, म्हणून सरकार एकराला दहा रुपये देते. चौदा एकराचे एकशे चाळीस. निम्मे मिळाले, निम्मे आज मंजूर होतात. धान्याच्या कचेरीतले चंद्राकर साहेब जेवायलाच येऊन राहिले. त्यांनी आज संध्याकाळी यादी पाठवली की झालं.”

सुहासिनीनं हात धुतले, पदराला पुसले आणि कागद घेतला. कचेरीची हिंदी तिला नीलकंठनंच शिकवली होती. ती ओळीवर बोट ठेवून वाचत गेली आणि एका ओळीवर बोट थांबलं. तीन वर्षं परती पडलेली चौदा एकर भूमी लागवडीखाली आणल्याबद्दल.

“परती म्हणजे पडीक. कोणाचं रान पडीक आहे, भाऊजी?”

“अहो, शब्द आहे तो कागदावरचा.”

“कोणी लिहिला?”

चंद्रशेखरनं जरा घसा साफ केला. “मीच लिहिला. फॉर्मात विचारलं होतं, मागच्या तीन वर्षांत खरिपात काय पेरलं. तुम्ही चौमासात काही पेरता का? नाही ना? मग मी लिहिलं, काही नाही, परती. त्यात खोटं काय लिहिलं?”

सुहासिनी त्याच्याकडे बघतच राहिली. तो खोटं बोलत नव्हता, हे तिला कळलं, आणि म्हणूनच तिला जास्त राग आला. ज्या गव्हावर हा लहानाचा मोठा झाला तो कसा पिकतो, हे याला ठाऊक नव्हतं. शहपुऱ्याकडचं रान ‘हवेली’ पद्धतीचं. चौमासात शेताला चहूकडून उंच बांध घालून पावसाचं पाणी उभं करायचं, महिनोन्‌महिने काळी माती भिजू द्यायची, तण आत कुजू द्यायचं. दसऱ्यानंतर पाणी सोडायचं आणि त्या ओलीवर गहू पेरायचा, मग वरून एक थेंब पडला नाही तरी चालतं. तिकडचं लहान पोरही हे जाणतं. फॅक्टरीत तोफेच्या गाड्यांचे नग मोजणाऱ्या चंद्रशेखरनं मात्र आयुष्यात कधी भादव्यात शेताकडे पाऊल टाकलं नव्हतं.

“आणि तुमचे साहेब? त्यांनी बघितलं नाही?”

“श्रावणात येऊन गेले. सडकेवरून बघितलं. ते रायपूरकडचे, नवीन बदलून आलेले. तिकडे पाण्यात धान असते. इथं पाणी दिसलं, धान नाही दिसलं. म्हणाले, बरोबर, परती आहे.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत.”

“तेव्हा मला तरी कुठं माहीत होतं, गव्हासाठीच पाणी धरतात म्हणून? नंतर नथ्थूच्या बोलण्यातून समजलं. पण तोपर्यंत...” त्याची नजर ओसरीकडे गेली, जिथं सायकल उभी होती.

सुहासिनीनं कागद उलटला. मागे बारीक अक्षरात अटी होत्या. चौथी अट तिनं दोनदा वाचली, मग मोठ्यानं वाचली. ही भूमी पुढील खरिपात धान्याखाली आणली नाही, तर सरकार ती दुसऱ्यास कसण्यास देईल.

“ही वाचली होती?”

“ते लिहितात हो तसं. कोण येते बघायला?”

“भाऊजी, पुढच्या आषाढात मी बांध फोडला आणि धान पेरलं तर गहू गेला. नाही फोडला तर शेत गेलं. ही सही करून मी दोन्हीतलं काय वाचवू, सांगा ना.”

तो अण्णांना बोलवायला गेला, लहानपणी जायचा तसाच.

अण्णा रेल्वेच्या मालधक्क्यावर तीस वर्षं कारकून होते. सरकारी कागदावर त्यांची श्रद्धा एवढी, की रद्दीतला फॉर्मसुद्धा ते घडी करून ठेवत. ते माजघराच्या दारात येऊन उभे राहिले, मागे चंद्रशेखर, आणि पलीकडून देवीपुढची फुलं ठीक करता करता विनता ऐकत होती.

“सूनबाई, सही करून टाका. साहेब घरी येऊन राहिले, सणाचा दिवस आहे.”

“शेत जाईल, अण्णा.”

“जाईल तेव्हा बघू. आज त्याची नोकरी जाते. फॉर्म त्याच्या अक्षरात आहे. तोही सरकारी नोकर. सरकारला चुकीची माहिती दिली म्हणून वर गेलं तर? लढाईचे दिवस आहेत, कोणी ऐकून घेणार नाही.”

“म्हणून अकरा वर्षं मी काहीच पिकवलं नाही असं लिहून देऊ?”

“काहून एका शब्दाला धरून बसल्या, वहिनी?” चंद्रशेखर कळवळून म्हणाला. “कागदच तर आहे!”

“तुमच्यासाठी कागद आहे,” सुहासिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण विनताचे फुलं लावणारे हात थांबले. “माझ्याजवळ दुसरं काय आहे, भाऊजी? कुंकू नाही, पोरबाळ नाही. आरतीला मी दारात उभी असते. त्या चौदा एकरात मात्र मला कोणी दारात उभं करत नाही. ते पडीक आहे असं मी माझ्या हातानं लिहिणार नाही. अण्णांनी करावी सही वाटलं तर.”

अण्णांची नजर खाली गेली. कसणाऱ्याच्या जागी आपली सही चालणार नाही, हे मालधक्क्याच्या कारकुनाला चांगलं ठाऊक होतं.

“मग तुम्ही काय करणार?” त्यांनी विचारलं.

“साहेबांना खरं सांगणार. भाऊजींची चूक चूक म्हणूनच सांगेन, त्यांना उघडं पाडणार नाही. पण सांगणार.”

“काही सांगायचं नाही!” अण्णा पहिल्यांदा ओरडले. “माझ्या घरात पाहुण्यासमोर बायकांनी कागदपत्रांचं बोलायचं नाही. साहेब जेवतील, जातील. बाकीचं मी उद्या बघतो.”

उद्या म्हणजे यादी गेल्यावर. सुहासिनी पुन्हा पाट्यापाशी जाऊन बसली. वरवंटा उचलला आणि पुरण वाटू लागली, जरा जोरातच. विनता आत आली, पाट्यापाशी जरा थांबली, आणि तूप घेऊन परत गेली.

चंद्राकर साहेब बाराच्या सुमाराला आले. पन्नाशीचा, सावळा, शेतकऱ्याच्या हातापायाचा माणूस, अंगावर कचेरीचा कोट. दोन्ही महालक्ष्म्यांपुढे त्यांनी मनापासून डोकं टेकवलं. आरती झाली. पाटावर बसून त्यांनी पहिल्या पोळीचा घास तुपात बुडवून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

“वाह पंडितजी! जबलपूर में आकर ऐसी रोटी पहली बार खाई. राशन में तो लाल, घुन लगा गेहूँ मिलता है. ये कहाँ का है?”

अण्णांनी चंद्रशेखरकडे बघितलं.

“बाजार का है, साहब,” चंद्रशेखर घाईघाईनं म्हणाला.

“बाजार का नहीं है,” माजघराच्या दारातून आवाज आला. “आपकी परती जमीन का है. वही चौदह एकड़.”

अण्णांच्या हातातला घास हातातच राहिला. चंद्राकर साहेबांनी आधी दाराकडे, मग चंद्रशेखरकडे बघितलं. पांढरं लुगडं, डोक्यावर पदर, हातात पोळ्यांची परात. सुहासिनी उंबरठ्यावर उभी होती आणि उंबरठ्यावरूनच बोलत होती, त्यामुळे अण्णांना नेमकं कशाला हरकत घ्यावी ते सुचत नव्हतं.

तिनं सगळं सांगितलं. बांध, पाणी, दसरा, गहू. फॉर्मात फक्त खरिपाचं विचारलं होतं आणि दिराला शेतीचं ठाऊक नाही, म्हणून घोळ झाला, हेही सांगितलं. चंद्राकर साहेबांनी ताटावरचा हात काढून घेतला.

“बाई, समझ लीजिए. सरकार पैसा दे रही है और आप मना कर रही हैं? ऐसा मैंने नौकरी में देखा नहीं.”

“पैसा वापस करेंगे. सत्तर रुपये.”

“बात पैसे की नहीं. मैंने लिख दिया है कि मौके पर देखा, परती है. अब काटूँगा तो ऊपर पूछेंगे, देखा था तो क्या देखा था?” त्यांनी आवाज खाली आणला. “दस्तखत कर दीजिए. जमीन आपकी कोई नहीं ले जाएगा, मैं हूँ न.”

“आपकी बदली हो जाएगी, साहब. जमीन वहीं रहेगी.”

साहेबांना हे झोंबलं. ते ताठ बसले. “तो सबूत लाइए. सरकारी काम कागज पर चलता है, रोटी पर नहीं. तीन साल गेहूँ हुआ, इसका कोई कागज है? आज दिखाइए. शाम को मेरी सूची चली जाएगी.”

“है,” सुहासिनी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला आठवलं ते कुठं आहेत.

कागद होते. यंदा चैत्रात कचेरीनंच लढाईसाठी गहू विकत घेतला होता, त्याची शिक्क्याची पावती, आणि आधीच्या दोन वर्षांच्या शहपुऱ्याच्या बाजारातल्या. गहू विकला की वर्षाची पावती पिवळ्या फडक्यात बांधून महालक्ष्मीच्या कोठीच्या तळाशी ठेवायची, ही नीलकंठनं पाडलेली रीत. काल तिनंच पुरचुंडी विनताच्या हाती दिली होती. आता त्या कोठीत तीन मण गहू होता, वर मुखवटा होता, अंगावर हिरवी साडी होती. बसलेल्या महालक्ष्मीची कोठी तिसऱ्या दिवशी विसर्जन झाल्याशिवाय कोणी उघडत नाही. उघडल्याचं कोणी ऐकलंही नव्हतं. आणि सुहासिनीनं तर तिला शिवायचंही नव्हतं.

तिनं कोठीकडे बघितलं. अण्णांच्या लक्षात आलं.

“नाही,” ते म्हणाले. “ते नाही होणार. उद्या विसर्जन झालं की काढू.”

“उद्या यादी गेलेली असेल, अण्णा.”

“देवीच्या पोटात हात घालायचा? भरल्या घरात?”

चंद्रशेखर खाली मान घालून बसला होता. चंद्राकर साहेबांनी पाण्याचा तांब्या उचलला, म्हणजे त्यांच्या लेखी बोलणं संपलं होतं. सुहासिनीनं परात खाली ठेवली. आपण उंबरठा ओलांडायचा, मग घर काय म्हणायचं ते म्हणो, असं तिनं ठरवलं होतं. तिचं पाऊल उचललंही होतं.

“थांबा वहिनी,” विनता म्हणाली.

नाकात नथ, अंगावर लग्नातला शालू, हळदीनं पिवळे हात. ती देवीपुढे गेली, नमस्कार केला आणि गुडघ्यावर बसली.

“विनता, काय करून राहिली तू?” चंद्रशेखर उठूनच उभा राहिला.

“तुम्ही बसा. सायकलवर मीही बसून आले, ग्वारीघाटापर्यंत.” तिनं मागे वळूनही बघितलं नाही. “गहू भरला मी, पुरचुंडी ठेवली मी. परती म्हटलं तर माझ्या महालक्ष्मीच्या पोटात काय माती आहे का?”

तिनं हिरव्या साडीच्या निऱ्या बाजूला केल्या, कोठीच्या बुडाचा बोळा चाचपला आणि ओढला. गव्हाची धार खळखळ सुटली. पिवळाधम्मक, टपोरा गहू देवीच्या पायाशी, रांगोळीवर, पाटापर्यंत पसरत गेला. विनतानं त्या धारेत कोपरापर्यंत हात घातला, आत चाचपलं, आणि पिवळी पुरचुंडी ओढून काढली. तिथून ती चंद्राकर साहेबांपुढे सरकवली.

साहेबांनी आधी पुरचुंडी उचललीच नाही. पायाशी आलेले चार दाणे उचलले, एक दातांखाली फोडला. मग म्हणाले, “असली पानी का गेहूँ है.” नंतर पावत्या उलगडल्या. स्वतःच्याच कचेरीचा शिक्का बघून त्यांनी बराच वेळ मान हलवली. चेहऱ्यावर रागही नव्हता आणि हसूही नव्हतं. दौत-टाकासाठी त्यांनी अण्णांकडे हात केला, आणि अण्णांनी, सवयीनं म्हणा की कशानं, तो आणून दिला.

“मैंने सड़क से देखा,” चंद्राकर साहेब कागदावर वाकून, स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “बाप मेरा देखता तो मेंड़ पर, बाँध पर उतरकर देखता.” चंद्रशेखरच्या कागदावरच्या ‘परती’वर त्यांनी रेघ मारली, वर ‘पानी में, रबी गेहूँ’ असं लिहिलं, खाली आपली सही केली. चंद्रशेखरकडे बघून म्हणाले, “समझ की भूल लिख रहा हूँ, आपकी भी, मेरी भी. सत्तर रुपये महीने भर में जमा कर दीजिए.” मग कागद उंबरठ्याकडे धरला. “जोतनेवाले के दस्तखत.”

सुहासिनीनं भिंतीला कागद लावून सही केली. पूर्ण नाव लिहिलं. अक्षर तिचं नेहमीचंच आलं.

हे सगळं होत होतं तोवर कोठीतून गहू वाहतच होता. विनता बोळा बसवायला बघत होती, पण धारेच्या जोरानं तो पुन्हा पुन्हा बाहेर येत होता. “बसत नाही हो,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. अण्णा पुढे झाले आणि थांबले. पुरुषानं निऱ्यांना हात लावायचा कसा? चंद्रशेखर नुसताच बघत राहिला. कोठी हलकी झाली तर वरचा मुखवटा कलणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

सुहासिनी उंबरठा ओलांडून बैठकीत आली. ती देवीपुढे बसली, विनताच्या हातातून बोळा घेतला, दोनदा पिळून त्याला टोक काढलं आणि दरवर्षी परसात बसवायची तसा तळहाताच्या टाचेनं आत ठोकला. धार थांबली. मग दोघींनी मिळून ओंजळी ओंजळीनं गहू सुपात भरला. विनतानं निऱ्या सारख्या केल्या, आणि साडीचं दुसरं टोक सुहासिनीच्या हातात दिलं.

अण्णा बघत होते.

“सायकल उद्या विकून टाकतो,” चंद्रशेखर मागून म्हणाला.

“विकू नका,” सुहासिनी निरी घालता घालता म्हणाली. “बारा तास उभं राहून चार कोस चालायचं, खेळ आहे का? सत्तर मी भरते. दसऱ्यानंतर रजा काढून शेतावर या, नथ्थूबरोबर बांध फोडायला. चिखलात उतरून मजुरी करा आणि फेडा. एकदा पाणी सुटताना बघितलं, की परत परती लिहिणार नाही तुम्ही.”

चंद्रशेखरनं मान हलवली. चंद्राकर साहेबांनी हसून तिसरी पोळी मागितली.

सुहासिनी परात उचलायला उठली. ती माजघराकडे वळणार, इतक्यात अण्णा खाकरले. त्यांनी आपल्या शेजारचा रिकामा पाट जरा तिच्याकडे सरकवला, आणि तिच्याकडे न बघता, पंगतीकडे बघत विचारलं,

“सूनबाई, पाणी सोडायला नेमकं कधी बोलावता? मीही येईन म्हणतो. नीलू असताना एकदा बोलावलं होतं त्यानं. मी गेलो नव्हतो.”